बिजागरी

केतकी ढमढेरे म्हणाली, काका, एक दार हवंय.
घर नको. नुसतं दार,
चौकटीसकट, दोघांना उचलता येईल असं.
म्हटलं, आणि भिंत?
म्हणाली, भिंत गाण्यात आहे.

चाळीस वर्षं दारं करतोय,
भवानी पेठेतून लाकूड आणून.
कोथरूडला, बाणेरला, अकराव्या मजल्यावर,
आतून तीन कड्या, वर साखळी, मधे काचेचा डोळा.
गाण्याला टेकवायचं दार हे पहिलंच.

तालीम नारायण पेठेत, शाळेच्या हॉलमध्ये,
सहानंतर, बाकं कडेला सरकवून.
लहानपणच्या सगळ्या गोष्टी तिथं
उलट्या करून वाळत घातलेल्या.
राक्षसाचा जीव ज्या पोपटात, तो पोपट
पिंजऱ्यात बसून राक्षसाचीच काळजी करतो, खालच्या पट्टीत.
बँकेतल्या खंडागळे बाई नावडती राणी.
मीठ अळणी, मीठ अळणी म्हणत अख्खं गाणं ओढतात
आणि शेवटी राजवाड्यासमोर मिठाचंच दुकान टाकतात.

आणि कावळा.
कावळा म्हणजे मोईन, कॅम्पातला, वडलांची रिक्षा आहे.
पंखांना जुन्या छत्र्यांचं कापड.
शेणाचं घर वाहून गेल्यावर तो चिमणीच्या दाराशी येतो.
गोष्टीत तिला तेव्हाच नेमकी कामं निघतात,
एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.
केतकी म्हणाली, आपली चिमणी पहिल्या थापेला उघडते.
मग उरलेलं नाटक, एवढ्याशा घरात दोघं कशी मावतात त्याचं.

मी रंधा मारत होतो. हात थांबला.

एकसष्ट साली पानशेत फुटलं तेव्हा बाप विशीत.
नदीकाठची खोली गेली, हत्यारांची पेटी गेली.
रात्री तो कुणाच्या तरी दाराशी उभा राहिला.
कुणाच्या ते मरेपर्यंत सांगितलं नाही.
आतून आवाज आला, थांबा हं जरा.
बाप एवढंच सांगायचा,
‘थांबा’ म्हणाले, ‘थांब’ नाही.
मग आम्ही गोखलेनगरला, अर्धगोल पत्र्याखाली वाढलो,
आणि तो लोकांची दारं करत राहिला.
एकही कधी करकरलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी रंग ओला होता.
पोरांनी हौसेनं एक हात जास्त मारलेला.
मोईननं थाप मारली.
शर्वाणीनं आतून ओढलं.
चिकटलेलं.
पेटीवाला तीच ओळ फिरवत राहिला,
तीनदा, चारदा, सातव्यांदा,
मोईन बाहेर उभा, छत्रीचे पंख आवळून.
समोरची मुलं खुर्च्यांवर चढली, उघड! उघड!
आणि मला दिसत होतं,
जुनी गोष्ट कुणी न बोलावता परत येऊन बसतेय.

विंगेत मी पांढऱ्या बुशशर्टात.
तसाच गेलो, स्टेजवर, उजेडात.
बिजागरीच्या पिना खालून ठोकून वर काढल्या, दोन्ही,
आणि दार उघडलं नाही,
उचललं.
मोईन आत शिरला तो अर्धा सूर वर चढूनच.
शर्वाणीला पुढचं वाक्य आठवेना. तिनं नुसती चटई अंथरली.

मी दार कवटाळून तिथंच,
कुठं ठेवायचं कळेना,
पुढची तीन गाणी.
लोकांना वाटलं, हेही बसवलेलंच असणार.
केतकी नंतर म्हणाली, काका, दर प्रयोगाला असंच करा.
मी म्हटलं, मग पिना बदलाव्या लागतील, या झिजतील.

टेम्पो येईपर्यंत रिकामी चौकट पार्किंगमध्ये उभी केली,
स्कूटरींच्या मधोमध.
चहूकडं जागा मोकळी,
तरी मुलं रांग लावून तिच्यातूनच जात होती.
फ्रॉकवाली एक अडली. चौकटीवर बोटानं वाजवलं,
माझ्याकडं बघत राहिली.

‘या,’ मी म्हणालो.

मागं टेम्पोवाला कधीचा हॉर्न देत होता.